दुर्लक्षातून सोडवलेल्या पाळीव सापाचा त्वचासंसर्ग : पहिल्या तपासणीपासून निरोगी कातेपर्यंत

दुर्लक्षित अवस्थेतून सोडवलेल्या पाळीव सापाचे पोट पाहिले, की तो कशा जागेत राहत होता ते बहुतेक वेळा लगेच कळते. पोटाखालच्या रुंद खवल्यांवरचे तांबूस किंवा तपकिरी डाग, कडा उचललेले खवले, पाण्याने भरलेले फोड आणि काही ठिकाणी उघडी पडलेली ओली त्वचा, ही सगळी लक्षणे कोंदट, ओल्या, विष्ठा साचलेल्या आणि पुरेशी ऊब नसलेल्या पेटीत दीर्घकाळ राहिल्याची असतात. असा साप पाहून जीव कळवळतो आणि हात आपोआप मलमाच्या नळीकडे जातो. परंतु मलम हा या उपचाराचा पहिला टप्पा नव्हे. आजार जागेतून आलेला असतो. जागा सुधारल्याशिवाय दिलेल्या औषधाचा गुण टिकत नाही, आणि जागा वेळेत सुधारली तर वरवरचे डाग पुष्कळदा अगदी थोड्या औषधाने भरून येतात. म्हणून या लेखात आधी ओळख, मग निवारा आणि त्यानंतर औषध, असा क्रम ठेवला आहे.

हे मार्गदर्शन बंदिस्त अवस्थेत वाढलेल्या बिनविषारी सापांपुरते आहे. उदाहरणार्थ बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंग स्नेक किंवा बोआ. रानातला जखमी साप अधिकृत बचाव केंद्राकडेच सोपवावा, आणि विषारी सापाची जखम घरी साफ करण्याचा विचारही करू नये.

संसर्ग कसा होतो

सापाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या उबेवर अवलंबून असते, आणि त्याची रोगप्रतिकारशक्ती, पचन, जखम भरण्याचा वेग व औषधाचे शोषण या सर्व गोष्टी त्या तापमानाशी बांधलेल्या असतात. गारठलेला साप हलत नाही, एकाच ओल्या जागी पडून राहतो, खाल्लेले नीट पचवत नाही आणि जंतूंना तोंड देऊ शकत नाही. स्युडोमोनास, एरोमोनास, क्लेब्सिएला, प्रोटियस यांसारखे जिवाणू अस्वच्छ पेटीत भरपूर वाढतात, आणि त्यांपैकी काही निरोगी सापाच्या अंगावर किंवा तोंडातही आढळतात. त्वचा शाबूत असेपर्यंत त्यांचे फारसे काही चालत नाही. सततच्या ओलीने खवल्यांमधली मऊ त्वचा भिजून फुगते, खरबरीत अंथरुणावर ती खरचटते, आणि तेथून जिवाणू आत शिरतात.

सुरुवातीला एक-दोन खवल्यांच्या मागच्या कडेला गुलाबी छटा दिसते. पुढे खवल्याखाली स्वच्छ किंवा गढूळ द्रवाचे फोड येतात, ते फुटल्यावर तपकिरी खपली धरते, खपलीखाली त्वचा कुजत जाते आणि शेवटी उघडा व्रण पडतो. येथवर आजार त्वचेपुरता असतो. जिवाणू रक्तात उतरले, तर उपचाराचे स्वरूपच बदलते आणि हातातला वेळ तासांत मोजावा लागतो.

आल्या दिवशी

नवा साप कितीही बरा दिसत असला, तरी त्याला इतर सापांपासून किमान तीन महिने वेगळे ठेवावे. शक्य असल्यास खोलीही वेगळी असावी. चिमटे, पाण्याचे भांडे, साप उचलण्याचा हुक आणि पुसण्याचे कापड यांपैकी काहीही सामायिक ठेवू नये. घरातील निरोगी सापांचे काम आधी उरकून आजारी सापाकडे सर्वांत शेवटी जावे. साप बाहेरून निरोगी दिसत असतानाही त्याच्या विष्ठेतून माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला हा जिवाणू बाहेर पडत असू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी हातमोजे घालावेत आणि ते काढल्यावर हात साबणाने धुवावेत. स्वयंपाकघरातील सिंकमध्ये त्याचे काहीही धुऊ नये. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांना या कामापासून दूर ठेवणे आवश्यक आहे.

त्या दिवशी एकच सविस्तर तपासणी करावी आणि त्यानंतर सापाला शांत राहू द्यावे. भीती आणि वारंवारची हाताळणी हाही आजारी सापावर भारच असतो. तपासणीआधी ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर त्याचे वजन करून लिहून ठेवावे, कारण पुढचे कित्येक आठवडे प्रकृतीचा कल कळण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन हा आकडाच ठरतो.

तपासणी

तपासणीला दोन माणसे असलेली बरी. एकाने सापाचे शरीर दोन-तीन ठिकाणी खालून आधार देऊन धरावे आणि दुसऱ्याने पांढऱ्या उजेडात हनुवटीपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकेक पट्टा पाहत जावे. सापाला पूर्ण उलटे धरून ठेवण्याऐवजी शरीराचा थोडा थोडा भाग वळवावा. विजेरीचा झोत वरून सरळ न टाकता कडेने तिरपा टाकला, म्हणजे किंचित उचललेल्या खवल्याची सावली पडते आणि डोळ्याला एरवी न दिसणारा लहान फोडही लक्षात येतो. खवल्यांमधली त्वचा दिसावी म्हणून बोटाने शरीराला हलका बाक द्यावा. विष्ठामार्गाभोवतीचा भाग, हनुवटीखालची खाच, डोळ्यांच्या कडा आणि पायथनच्या ओठांवरील उष्णतासंवेदी खळगे हे भाग हमखास पाहावेत. प्रत्येक डागाचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे.

प्रत्येक लाली म्हणजे संसर्ग नव्हे. कात टाकण्याआधी अनेक सापांचे, विशेषतः बॉल पायथनचे, पोट एकसारखे गुलाबी होते. तेव्हा खवल्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, डाग पडत नाहीत आणि काही दिवसांत डोळे धुरकट निळसर होतात. भाजल्याची जखम खवले कुजण्यासारखीच दिसते, परंतु तिची कड बहुधा ठळक असते आणि ती शरीराच्या ज्या भागाखाली तापलेली चटई किंवा दगड होता, नेमक्या त्याच भागावर असते. थर्मोस्टॅट (तापमान आपोआप नियंत्रित करणारे उपकरण) नसलेली हीट मॅट किंवा गरम होणारा कृत्रिम दगड जुन्या पेटीत होता का, हे म्हणूनच विचारून घ्यावे. भाजलेल्या जागी पुढे संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे दोन्ही एकत्रही आढळतात.

त्वचेखाली घट्ट गाठ लागली, तर गळूचा संशय धरावा. सापाचा पू पातळ नसून घट्ट व कोरडा असतो, त्यामुळे तो दाबून बाहेर येत नाही. पशुवैद्य सापाला भूल देऊन तो आवरणासह काढतो. जिवंत उंदीर खायला सोडण्याच्या पद्धतीत उंदराने घेतलेल्या चाव्यांमधून अशी गळवे पुष्कळ होतात.

खवल्यांच्या फटींत किंवा डोळ्यांच्या कडेला जेमतेम मिलिमीटरभर आकाराचे काळे, हलणारे ठिपके दिसले, किंवा पाण्याच्या भांड्याच्या तळाशी असे ठिपके साचले, तर ते सापावरील माइट असतात. ऑफिओनिसस नॅट्रिसिस हा त्यांतला नेहमी आढळणारा प्रकार. माइट रक्त शोषतात, त्वचेला छिद्रे पाडतात आणि एका सापावरून दुसऱ्या सापावर जिवाणू नेऊ शकतात. साप दिवसचे दिवस पाण्याच्या भांड्यात बसून राहत असेल, तर आधी माइट शोधावेत; कारण त्या बसण्यानेही पोटाची त्वचा भिजून बिघडते.

बुरशीचा संसर्ग वेगळा ओळखता येतो, पण नुसत्या नजरेने त्याची खात्री होत नाही. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर जाड पिवळसर खपल्या, त्वचेत गाठी, खवल्यांचा खरबरीतपणा आणि पुन्हा पुन्हा अर्धवट निघणारी कात, अशी लक्षणे असतील तर ऑफिडिओमायसेस ओफिडिइकोला या बुरशीचा विचार करावा लागतो. पाळीव रॅट स्नेकमधून तिचे पहिले वर्णन २००९ मध्ये झाले, २०१३ मध्ये तिला सध्याचे वंशनाव (जीनस) मिळाले, आणि उत्तर अमेरिका व युरोपातील रानटी सापांमध्येही ती आढळली आहे. अशा सापाची वापरलेली माती किंवा पाणी बाहेर कोठेही टाकू नये, याचे कारण हेच.

पशुवैद्याकडे केव्हा आणि काय घेऊन जावे

एक-दोन खवल्यांची नुसती गुलाबी कड असेल, साप सतर्क असेल आणि वजन ठीक असेल, तर निवारा सुधारून काही दिवस बारकाईने लक्ष ठेवणे चालते. याहून अधिक काहीही असेल, म्हणजे फोड, व्रण, खपली, गाठ, चेहऱ्यावरील जखम किंवा पसरणारा डाग, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला दाखवलेच पाहिजे. सोडवून आणलेल्या सापाच्या बाबतीत मी हा उंबरठा आणखी खाली ठेवतो, कारण त्याचा पूर्वेतिहास कोणालाच धड ठाऊक नसतो आणि उपासमारीने तो आधीच खचलेला असतो.

पशुवैद्याची वेळ एक-दोन दिवसांत मिळणार असेल आणि साप स्थिर असेल, तर तोवर जखमेला जंतुनाशक लावू नये. कल्चरसाठी (जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या चाचणीसाठी) नमुना घेण्याआधी जंतुनाशक किंवा प्रतिजैविक लावले, तर खरा जंतू हाती लागत नाही. व्रणाच्या पृष्ठभागावरून नुसता स्वॅब फिरवला, तर पेटीतलेच सामान्य जंतू वर येतात. म्हणून अनेक पशुवैद्य न फुटलेल्या फोडातील द्रव किंवा व्रणाच्या कडेचा छोटा तुकडा घेणे पसंत करतात. कल्चरबरोबर कोणते प्रतिजैविक लागू पडेल ही चाचणी मागावी. बुरशीचा संशय असल्यास बायोप्सी (त्वचेचा तुकडा काढून तपासणे) आणि पीसीआर (बुरशीचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणी यांबद्दल विचारावे. बोआ किंवा पायथनमध्ये संसर्ग सर्व काळजी घेऊनही पुन्हा पुन्हा उलटत असेल, मान सरळ राहत नसेल किंवा खाल्लेले वारंवार उलटत असेल, तर त्यामागे रेप्टअरेनाव्हायरस या विषाणूमुळे होणारा इन्क्लुजन बॉडी आजार असू शकतो, आणि त्याची चाचणी वेगळी असते.

सापाला स्वच्छ कापडी पिशवीत घालून ती हवेची छिद्रे असलेल्या डब्यात ठेवावी आणि प्रवासात त्याला गारठू देऊ नये. बरोबर वजनाची नोंद, छायाचित्रे, निघालेली कात, शक्य असल्यास ताजी विष्ठा आणि जुन्या पेटीचे छायाचित्र न्यावे.

उपचाराचा निवारा

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. उपचाराच्या काळात साप साध्या, सहज धुता येणाऱ्या आणि चांगली हवा खेळणाऱ्या पेटीत असावा. तळाशी न छापलेला पांढरा कागद किंवा शोषक पेपर टॉवेल घालावा. पांढऱ्या कागदावर रक्त, पू, माइट आणि ओल लगेच दिसते, आणि तो ओला झाला तर काही क्षणांत बदलता येतो. लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या, माती आणि साल हे सर्व जखमा भरेपर्यंत बाद. कागद रोज बदलावाच. ओला किंवा घाण झाल्यास दिवसातून कितीही वेळा बदलावा. लपण्यासाठी दोन जागा द्याव्यात, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला. जागा एकच असली, तर साप सुरक्षिततेसाठी ऊब सोडतो किंवा उबेसाठी सुरक्षितता सोडतो, आणि आजारी सापाला यांपैकी काहीच परवडत नाही. लपण्याच्या जागा प्लास्टिकच्या असाव्यात किंवा रोज फेकता येतील अशी पुठ्ठ्याची खोकी वापरावीत.

तापमान त्या जातीला मानवणाऱ्या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे ठेवावे. बॉल पायथनसाठी उबदार बाजूचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार बाजू सुमारे २६ अंश योग्य ठरते. कॉर्न स्नेकसाठी उबदार बाजू २९ ते ३० आणि गार बाजू २४ ते २५ अंश पुरते. एरवी रात्री तापमान थोडे उतरू दिले तर चालते, परंतु उपचाराच्या काळात ते उतरू देऊ नये. उष्णतेचे प्रत्येक साधन थर्मोस्टॅटवर असावे आणि त्याचा सेन्सर साप जेथे प्रत्यक्ष टेकतो तेथे लावावा. पेटीच्या काचेला चिकटवलेल्या गोल काट्याच्या तापमापकावर विसंबू नये. पोटावर जखमा असतील, तर खालून तापणाऱ्या चटईपेक्षा वरून ऊब देणारे, जाळीने झाकलेले साधन मला अधिक सुरक्षित वाटते, कारण सोललेल्या त्वचेला कमी उष्णताही भाजू शकते.

आर्द्रतेबाबत गोंधळ होतो. खवले कुजले म्हणून पेटी अगदी कोरडी केली, तर कात अडकते आणि साप आतून सुकतो. ओली जमीन आणि दमट हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमीन पूर्ण कोरडी हवी, हवा मात्र जातीला साजेशी हवी. बॉल पायथनसाठी ५० ते ६० टक्के, कॉर्न स्नेकसाठी ४० ते ५० टक्के. त्यासाठी पाण्याचे भांडे जड आणि न सांडणारे घ्यावे, साप त्यात पूर्ण बसू शकणार नाही इतके लहान ठेवावे आणि गरज पडल्यास पेटीऐवजी खोलीतील हवेची आर्द्रता वाढवावी. पाणी रोज बदलावे.

जखमेची रोजची निगा

पशुवैद्याने वेगळे सांगितले नसेल, तर दिवसातून एकदा ही निगा पुरते. आधी जखम ०.९ टक्के निर्जंतुक सलाइनने धुवावी. बिनसुईच्या सिरिंजने सलाइनची हलकी धार डोक्याकडून शेपटीकडे सोडावी. उलट दिशेने सोडली, तर घाण खवल्यांखाली ढकलली जाते. त्यानंतर पातळ केलेले जंतुनाशक गॉजने टिपत लावावे. पोव्हिडोन आयोडिनचे बाजारातील १० टक्के द्रावण असेल, तर त्याचा एक भाग १९ भाग पाण्यात मिसळून ०.५ टक्के द्रावण करावे. बाटली ५ टक्क्यांची असल्यास एका भागाला नऊ भाग पाणी. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा आला, की प्रमाण साधारण बरोबर आहे असे समजावे. क्लोरहेक्सिडिन वापरायचे असल्यास ते ०.०५ टक्के इतके पातळ हवे, म्हणजे २ टक्के द्रावणाच्या एका भागाला ३९ भाग पाणी. क्लोरहेक्सिडिन डोळे, तोंड आणि खोल व्रण यांपासून दूर ठेवावे. दोन्ही जंतुनाशके एकत्र मिसळू नयेत आणि द्रावण रोज ताजे करावे.

जंतुनाशक तीन ते पाच मिनिटे राहू द्यावे, नंतर कोरड्या गॉजने टिपून घ्यावे. घासू नये. फोड फोडू नये, कारण त्यावरचे पातळ आवरण हीच खालच्या त्वचेची शेवटची राखण असते. घट्ट बसलेली खपली नखाने उचकटू नये. मेलेली त्वचा काढायची वेळ आली, तर ते काम पशुवैद्याचे. शेवटी १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीमचा किंवा सांगितले असल्यास म्युपिरोसिन मलमाचा अगदी पातळ थर द्यावा. जाड थराखाली ओल कोंडते आणि वर कागदाचे तंतू चिकटतात. औषध मुरेपर्यंत अर्धा ते एक तास सापाला पाण्याच्या भांड्याविना स्वच्छ कागदावर ठेवावे, मात्र ऊब कायम असावी.

आयोडिनच्या पाण्यात साप बसवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. पोटाचा बराच मोठा भाग बाधित असेल आणि पशुवैद्याने सुचवले असेल, तरच ती करावी. एरवी मी गॉजच पसंत करतो. तहानलेला साप ते पाणी पितो, आणि ज्या त्वचेला कोरडे राहण्याची गरज आहे तीच पुन्हा भिजते. बसवायचेच असेल, तर पाणी २८ ते ३० अंशांचे, सापाच्या शरीराच्या निम्म्या उंचीइतके, वेळ दहा मिनिटांच्या आत आणि नजर पूर्णवेळ सापावर असावी.

हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, टी ट्री तेल, कडुनिंबाचे किंवा इतर सुगंधी तेल, हळदीचा लेप आणि पेट्रोलियम जेली यांपैकी काहीही लावू नये. माणसांच्या काही वेदनाशामक मलमांत बेन्झोकेन किंवा लिडोकेन असते. ते सापाच्या शरीरात शोषले गेल्यास घातक ठरू शकते. फिनॉल असलेली जंतुनाशके तर पेटी पुसायलाही नकोत, त्यांची वाफसुद्धा सापाला बाधते.

इंजेक्शने आणि इतर औषधे

खोल किंवा पसरलेल्या संसर्गात बाहेरून लावलेले औषध पुरत नाही. अशा वेळी सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक बहुधा इंजेक्शनने दर ७२ तासांनी दिले जाते. सापाचा चयापचय संथ असल्यामुळे एवढे अंतर चालते. मात्रा सापाच्या ग्रॅममधील वजनावरून पशुवैद्यच ठरवतो. इंजेक्शन सहसा शरीराच्या पुढच्या तिसऱ्या भागात, पाठीच्या कण्याच्या बाजूच्या स्नायूंत आणि दर खेपेला आलटून पालटून दिले जाते. मागच्या भागातील रक्त आधी मूत्रपिंडातून किंवा यकृतातून जात असल्याने काही औषधांचा परिणाम तेथे बदलू शकतो. एन्रोफ्लॉक्सासिनचे इंजेक्शन दुखते आणि त्या जागेची त्वचा व स्नायू बिघडू शकतात. अमिकासिन मूत्रपिंडांवर ताण आणते, त्यामुळे साप सुकलेला असताना ते देणे धोक्याचे असते. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम सांगितले गेले, तर शरीरातील पाण्याचे प्रमाण आधी सुधारले आहे ना, हे विचारावे. सुकलेल्या सापाला पशुवैद्य त्वचेखाली द्रव देऊ शकतो, आणि जखमी सापासाठी पाण्यात बसवण्यापेक्षा तो मार्ग बरा.

जखम सुकलेली दिसली म्हणून मात्रा मध्येच थांबवू नये. दोन-तीन आठवड्यांचा क्रम सर्वसाधारण आहे आणि खोल जखमांत तो वाढतो. पेटी गार राहिली, तर दिलेले औषधही शरीरात अपेक्षेप्रमाणे फिरत नाही. बुरशीवरील उपचार महिनोन्‌महिने चालतात. त्यासाठी टर्बिनाफिन, व्होरिकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल यांतून निवड केली जाते आणि यकृतावरील परिणामांसाठी अधूनमधून रक्त तपासावे लागते.

माइट असतील, तर सापावर आणि पेटीवर एकाच वेळी उपचार करावा लागतो, कारण ते अंडी सापावर न घालता पेटीच्या फटींत घालतात. लाकडी सामान फेकून द्यावे. उबदार जागेत त्यांचे जीवनचक्र दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते, म्हणून एका फवारणीने काम भागत नाही. औषध कोणते आणि किती, हे पशुवैद्याकडूनच घ्यावे. त्याच घरात कासव असेल तर तेही आवर्जून सांगावे. माइटवर वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना मारक ठरते.

खाणे

नव्या जागी आलेल्या सापाला पहिले पाच-सात दिवस खायला देऊ नये. त्यानंतर तापमान स्थिर असेल, तर एरवीपेक्षा लहान, आधी मारलेले आणि नीट वितळवून गरम केलेले भक्ष्य द्यावे. फार खंगलेल्या सापाला एकदम मोठे भक्ष्य दिल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून तो दगावू शकतो. म्हणून लहान भक्ष्य आणि दोन खाण्यांत पुरेसे अंतर, हाच मार्ग. खाल्ल्यावर ४८ तास हाताळणी टाळावी आणि जखमेची निगा त्या बेताने आखावी. कात येऊ घातलेला साप खात नसेल, तर जबरदस्ती करू नये.

कात

सापाच्या त्वचेची खरी दुरुस्ती कात टाकताना होते, म्हणून उपचाराची प्रगती कातांवरून मोजावी. आजारी किंवा जखमी साप एरवीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो, ते चांगले लक्षण आहे. डोळे धुरकट झाले, की तो नीट पाहू शकत नाही आणि घाबरट होतो. त्या दिवसांत फक्त अत्यावश्यक औषध द्यावे. डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर साधारण चार ते सात दिवसांत कात निघते. या काळात हवेची आर्द्रता थोडी वाढवावी, जमीन मात्र कोरडीच ठेवावी. ओल्या शेवाळाची लपण्याची पेटी एरवी उत्तम, पण उघड्या जखमांवर ती नको.

निघालेली कात लगेच फेकू नये. कोमट पाण्यात भिजवून ती काळ्या कागदावर पसरली, तर पोटाचा एकेक खवला वाचता येतो. निरोगी भाग पारदर्शक आणि अखंड असतो. जुन्या फोडांच्या जागी तपकिरी डाग, जाडसर चकती किंवा भोक दिसते. मागच्या कातेच्या छायाचित्राशी तुलना केली, की आजार पसरतो आहे की आवरतो आहे, हे सापाला पुन्हा हात न लावता कळते. दोन्ही डोळ्यांवरच्या टोप्या (डोळे झाकणारे पारदर्शक खवले) आणि शेपटीचे टोक कातेत आले आहे याची खात्री करावी. जखमेवर कातेचा तुकडा अडकला असेल, तर तो ओढू नये; सलाइनने ओला केलेला गॉज त्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवून आपोआप सैल होईल तेवढाच भाग सोडवावा. डोळ्यावरची अडकलेली टोपी घरी काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

कात गेल्यावर पहिले दोन दिवस जखम आधीपेक्षा मोठी आणि लालसर दिसू शकते, कारण तिच्यावरचा मेलेला थर निघून गेलेला असतो. तेवढ्याने धीर सोडू नये. व्रणाची कड सपाट, कोरडी आणि आतल्या बाजूने आकसणारी असेल, तर उपचार योग्य मार्गावर आहे. वरवरचा आजार एक-दोन कातांत जातो, खोल व्रणांना तीन किंवा अधिक काता लागतात. वेडेवाकडे किंवा फिकट खवले कायमचे राहू शकतात. त्यांचा सापाला त्रास नसतो.

ताबडतोब धाव घेण्याची लक्षणे

पोटावर खवल्यांच्या आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटणे किंवा पूर्ण पोटावर जांभळट लाली पसरणे हे जिवाणू रक्तात उतरल्याचे लक्षण असू शकते. पाठीवर ठेवल्यावर साप सरळ न होणे, उघड्या तोंडाने श्वास घेणे, तोंडात चिकट लाळ किंवा पिवळट साय दिसणे, अंग सैल पडणे, व्रणाला कुजका वास येणे आणि आठवड्यात वजनात दहा टक्के किंवा अधिक घट होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. सर्वांत शेवटी दिसणारे लक्षण म्हणजे सापाची पूर्ण निश्चलता, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

उपचार संपल्यानंतर

जुनी पेटी वापरायची असेल, तर तिच्यातील अंथरूण, लाकूड आणि सच्छिद्र वस्तू टाकून द्याव्यात. पेटी आधी साबणाने घासून धुवावी, कारण घाणीच्या थरावर कोणतेही जंतुनाशक काम करत नाही. मग घरगुती ब्लीचचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळून ते द्रावण दहा मिनिटे ठेवावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवावे. ब्लीच दुसऱ्या कोणत्याही क्लीनरमध्ये मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघू शकतो.

सर्व व्रण बंद झाले, पशुवैद्याने होकार दिला आणि त्यानंतर एक कात अखंड निघाली, की मगच कागदाऐवजी अंथरुणाचा पातळ थर घालावा. पहिल्या महिन्यात पोट दर आठवड्याला आणि पुढे प्रत्येक कातेनंतर पाहावे. जुन्या वणाच्या कडेला पुन्हा गुलाबी रेघ दिसली, तर अंथरूण त्याच दिवशी काढून कागद परत घालावा, थर्मोस्टॅटचा सेन्सर जागेवर आहे का ते तपासावे आणि पशुवैद्याला नवे छायाचित्र दाखवावे.